सव्वीस भाचे आणि एक सीझन पास

इथं अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी डॉक्टर लिहितात, इंजिनिअर लिहितात. यंदा अश्विनी घरी आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही पण लिहा. तुमच्या टेकडीवरच्या नोकरीचं." मी म्हणलं, "अगं, माझी शाळा चौथी." ती म्हणाली, "बोलता तसं लिहा." मी काय लिहिणार हे तिला चांगलं माहीत आहे. त्यात ती स्वतः आहे. तरी म्हणाली. म्हणून लिहिते.

मी स्कीच्या टेकडीवर टिकेट बघायचं काम केलं. तीन हिवाळे, दोन हजार पाच ते आठ. टेकडी आमच्या गावापासून, ट्रॉयपासून, गाडीनं पाऊण तास. सगळे तिला डोंगर म्हणायचे, पण मी सिन्नरची. डोंगर मी पाहिलेत. हे एक टेकाड होतं, आणि त्याच्यावरचा अर्धा बर्फसुद्धा मशीननं फवारलेला. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली की मशीन चालू, नाही पडली तर टेकाडावर पिवळं गवत दिसायचं.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लोक पायाला लांब पट्ट्या बांधतात आणि वरून घसरत खाली येतात. वर जायला दोरावर टांगलेल्या खुर्च्या असतात, त्या फिरत राहतात, थांबत नाहीत. घसरायला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते वर जायचे. त्या खुर्चीचं टिकेट. माझ्या वेळी आमच्या टेकाडावर शनिवार-रविवारी दिवसाला बेचाळीस डॉलर, मधल्या वारी थोडं कमी. तिकडे कोलोरॅडोच्या खऱ्या डोंगरांवर म्हणे याच्या दुप्पट. मला तासाला पावणेसात मिळायचे. म्हणजे सहा तास बर्फात उभं राहून जे मिळायचं ते एकजण दिवसभर वर-खाली करण्यात घालवायचा. मला त्याचं काही वाटायचं नाही. ज्याची त्याची हौस.

ते टिकेट म्हणजे कागद, मागं डिंक लावलेला. एक तारेचा त्रिकोण मिळतो, तो जॅकेटच्या चेनला अडकवायचा, आणि टिकेट त्याच्यावर दुमडून चिकटवायचं. एकदा चिकटलं की निघत नाही, काढलं तर फाटतं. म्हणजे एकाचं दुसऱ्याला देता येत नाही. त्या तारेला विकेट म्हणतात. हे ऐकून विजय हसला होता. म्हणाला, "आई, क्रिकेटच्या देशातून येऊन तू विकेटा वाटतेस." विजय माझा मुलगा. त्याचं हसणं लक्षात राहायचं कारण तेव्हा तो फार हसत नव्हता.

गिऱ्हाइकांच्या बोटांत हातमोजे, त्यांना ते चिकटवणं जमायचं नाही. मी चिकटवून द्यायचे, एका फटक्यात. मी सतरा वर्षं सिन्नरला विड्या वळल्यात. दिवसाला हजार विडी वळणाऱ्या बोटांना कागद दुमडायला किती वेळ लागतो? विड्यांवरच विजयला शिकवलं, त्याचा बाप लवकर गेला. पोरगा पुण्याला इंजिनिअर झाला, मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला, अमेरिकेला आला. मग मला आणलं, माझं ग्रीन कार्ड करून घेतलं.

इथं त्याला स्कीचा नाद लागला. दर वर्षी सप्टेंबरात सीझन पास घ्यायचा. सीझन पास म्हणजे अख्ख्या हिवाळ्याचं टिकेट, फोटो लावलेलं प्लास्टिकचं कार्ड, गळ्यात घालायचं. बर्फ पडायच्या आधी घेतला तर स्वस्त, चारशेच्या घरात. नंतर घेतला तर महाग. बर्फ नाही पडला, पाय मोडला, नोकरी गेली, काहीही झालं तरी पैसे परत नाहीत आणि पास दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात आपण उभे असू, ह्यावर पैसा लावायचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात विजयची कंपनी अर्धी बंद झाली. त्यात त्याची नोकरी गेली. पहिले दोन महिने धावपळ केली, मग एक-दोन ठिकाणांहून नकार आला, मग तो सकाळी उठेनासा झाला. आजारी म्हणावं तर ताप नाही. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. मेधा, माझी सून, एका लॅबमध्ये कामाला, ती सातला निघायची. घरात तो आणि मी. मी चहा नेऊन ठेवायची आणि तसाच गार चहा परत आणायची. काही बोललं तर म्हणायचा, "आई, उठून काय करू ते सांग, मग उठतो." ह्याचं उत्तर मला चौथीत कुणी शिकवलं नव्हतं.

त्या सप्टेंबरात त्यानं पास घेतला नाही. मेधानं विचारलं, तो म्हणाला, "माझी काय लायकी आहे पास घ्यायची?" त्याच शब्दांत म्हणाला.

आमच्या शेजारची डोरोथी, सत्तरीची बाई, टेकडीवर टिकेटाच्या खिडकीत बसायची. तिनं कुंपणावरून सांगितलं की तिथं माणसं पाहिजेत, म्हातारी चालतात, आणि कामावर असलेल्या माणसाला पास फुकट, आणि घरातल्या एका माणसाला पण फुकट. तिचं बाकीचं बोलणं माझ्या कानात गेलंच नाही. मी म्हणलं, "घरातल्या एका माणसाला?" ती म्हणाली, "यस, यस." मी आत गेले आणि मेधाची जुनी पँट मागून घेतली. बासष्ट वर्षं पँट घातली नव्हती.

इंग्रजी चार वाक्यं लागायची. गुड मॉर्निंग. टिकेट प्लीज. थँक यू. हॅव फन. त्या खुर्च्यांना आम्ही पाळणा म्हणायचो, त्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि प्रत्येकाच्या चेनकडे बघायचं. रोज टिकेटाचा रंग वेगळा, आज हिरवा तर उद्या केशरी. कालच्या रंगानं कुणी आला की मी नुसती मान हलवायची, तो ओशाळायचा. साहेबाचं नाव ब्रायन, विजयच्याच वयाचा, चांगला माणूस होता. वाईट माणसानं मला काढलं असतं तर सोपं गेलं असतं.

आता खरी गोष्ट. टेकडीवर मला न्यायला गाडी पाहिजे. डोरोथीच्या वेळा निराळ्या. म्हणून विजयला सांगितलं, मला सोडायला चल. "आईला सोडायचंय" म्हणून तो साडेसातला उठायचा. सोडलं की परत कशाला जायचं, फुकटचा पास आहे, म्हणून तो वर जायचा. दिवसभर वर-खाली. दर पंधरा मिनिटांनी माझ्यासमोरून जायचा, मी म्हणायची, "टिकेट प्लीज," आणि तो गळ्यातला पास वर करून दाखवायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही गाडीत बसून पोळी-भाजी खायचो. संध्याकाळी घरी जाऊन तो भूक लागली म्हणायचा. मेधानं मला एकदा ओट्यापाशी धरून सांगितलं, "आई, तुम्ही ही नोकरी सोडू नका." मी म्हणलं, "मरेपर्यंत नाही सोडत."

उन्हाळ्यात तो पुन्हा पडायचा. सहा महिने कुठं कंत्राटाचं काम मिळालं, ते पण गेलं. आम्ही बर्फाची वाट बघत बसायचो. अमेरिकेत लोक उन्हाळ्याची वाट बघतात.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक बाई यायची, साठीची. तिच्या चेनला जुनी टिकेटं तशीच, एकावर एक, पंधरा-वीस तारा, चालली की खुळखुळ वाजायची. मला आजचं शोधायला वेळ लागायचा. मी डोरोथीला म्हणलं, ही जुनी काढत का नाही. डोरोथी म्हणाली, ती नवऱ्याबरोबर जिथं जिथं गेली तिथली आहेत, नवरा आता नाही. त्यानंतर मी तिचं टिकेट शोधलं नाही. वर जाऊ दिलं.

आपले पण यायचे. एक रिटायर डॉक्टर काका, कानटोपी घालून, सुनेबरोबर. मला बघून खूष झाले. "तुम्ही मराठी? मग आम्हाला जरा वर जाऊन बघून येऊ द्या. आम्ही काही घसरणार नाही."

मी म्हणलं, "काका, टिकेट बसायचंच आहे. घसरायचं नाही."

"म्हणजे घसरणं फुकट?"

"हो."

"मग मी चालत वर जातो आणि घसरत येतो." सून म्हणाली, "बाबा, प्लीज." काका खालीच खुर्ची घेऊन बसले आणि मला दोन तास सप्तशृंगीच्या पायऱ्यांचं सांगत बसले. तिथं कसं वर जायला कुणी काही मागत नाही.

आणि दुसरे ते गोरे, गाडीच्या कारखान्यातले. वर्षानुवर्षं पास घेणारे. दुसऱ्या हिवाळ्यापासून एकेक कमी व्हायला लागला. एक उंच माणूस होता, नाव जिम, तो आधी पासवर यायचा, मग दिवसाच्या टिकेटावर, मग फक्त मंगळवारी, मंगळवारी स्वस्त असायचं. मग आलाच नाही. पास, मग टिकेट, मग मंगळवार. मी आमच्या घरचं बघत होते त्यात.

आता कूपनांचं सांगते. कामावरच्या प्रत्येकाला कूपनं मिळायची, नातेवाइकांना अर्ध्या पैशात टिकेट. माझे नातेवाईक इथं कोण? कूपनं तशीच कपाटात. दुसऱ्या हिवाळ्यात मंडळाच्या संक्रांतीला ही अश्विनी भेटली. नागपूरची, नुकती लग्न होऊन आलेली, नवरा निखिल कंप्युटरवाला. म्हणाली, "मावशी, यार, आम्हाला पण स्की करायचंय, पण दोघांचं टिकेट, बूट भाड्यानं, सगळं धरून दीडशे होतात." मी म्हणलं, "माझ्याकडे कूपनं पडलीत." दुसऱ्या शनिवारी ते आले. कूपनावर लिहायचं होतं, मला इंग्रजी लिहिता येत नाही, अश्विनीच्या हातात पेन दिलं.

ती म्हणाली, "मावशी, इथं नातं विचारलंय. काय लिहू?"

"मला काय म्हणतेस?"

"मावशी."

"मग तेच लिही की."

तिनं लिहिलं, आँट. खरं तर तेच होतं.

मग तिच्या मैत्रिणी, निखिलच्या ऑफिसातली पोरं, पुण्याची, मुंबईची, कोल्हापूरची. फोन यायला लागले, "मावशी, ह्या वीकेंडला कूपन आहे का?" माझी संपली की डोरोथी तिची द्यायची, तिला कुणी नव्हतं. पोरं येताना चिवडा आणायची, लोणचं आणायची, पाळण्यापाशी लायनीत उभी राहून मोठ्यानं "मावशी, टिकेट चेक करा" म्हणायची. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. घरात जे चाललं होतं त्यात कुणी मला मोठ्यानं हाक मारत नव्हतं.

विजयनं सांगितलं होतं. गाडीत एकदा म्हणाला, "आई, ह्या लोकांना आँट म्हणजे सख्खी लागते. आईची बहीण नाहीतर बापाची. जरा जपून."

मी म्हणलं, "मग मी काय सावत्र आहे?"

मला माहीत नव्हतं असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. पण अर्धं माहीत होतं. ते इथं लिहून ठेवते.

तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी संपता संपता, ब्रायननं मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कूपनं मांडलेली होती, पत्त्यांसारखी. सव्वीस. प्रत्येकावर माझं नाव आणि खाली आँट. डोरोथीची पण त्यातच, कारण पोरांनी सवयीनं माझंच नाव घातलेलं. देशपांडे, पाटील, शेख, गायकवाड, कुलकर्णी, वानखेडे. ब्रायननं हळू हळू विचारलं, मला कळावं म्हणून. "तुम्हाला बहिणी किती?"

मी खरं सांगितलं. "नो सिस्टर. ओन्ली मी."

"भाऊ?"

"नो."

त्यानं सगळ्या कूपनांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मग हे कोण?"

मी म्हणलं, "माय पीपल."

त्यानं बाहेरून निखिलला बोलावलं, त्या दिवशी तो आलेला होता. "ही तुझी आँट आहे?" निखिल म्हणाला, "यस." "तुझ्या आईची बहीण?" निखिलनं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "नो, नो, तसं नाही. आमच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात." ब्रायननं मान हलवली. त्याला जे पाहिजे होतं ते मिळालं आणि त्याला ते नको होतं, असं त्याचं तोंड झालं. त्यानं निखिलला जा म्हणलं. त्याला काही केलं नाही. डोरोथीला समज दिली. मला म्हणाला, वरच्या मालकांनी हिशेब मागितलाय, माझ्या हातात नाही. आजपासून काम नाही. पास परत द्या. तुमचा, आणि घरातल्या माणसाचा.

मी माझा काढून टेबलावर ठेवला. घरातला माणूस टेकाडावर होता.

मी म्हणलं, "मी आणते." दुसऱ्या कुणी लायनीत त्याला थांबवलेलं मला नको होतं. पाळण्याच्या तोंडाशी, माझ्याच जागेवर जाऊन उभी राहिले. आठ-दहा मिनिटं गेली असतील. तो वरून आला, लांबून छान येत होता, वाकून, दोन्ही बाजूंना बर्फ उडवत. मला बघून नेहमीसारखा पास वर केला.

मी म्हणलं, "विजू, तो दे इकडे."

"का?"

"दे."

मागं लोक उभे होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, ऑफिसच्या दाराकडे बघितलं, तिथं ब्रायन उभा होता. मग वाकला. मी माझ्या हातानं त्याच्या गळ्यातली दोरी काढली. लहानपणी अंगरखा काढायला वाकायचा तसा वाकला. आणि मला एक शब्द बोलला नाही. गाडीत बोलला नाही, घरी बोलला नाही. 'मी सांगितलं होतं' एवढं जरी म्हणाला असता तर मला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. आईला कुठं सोडायचं नव्हतं.

आठवड्यानं अश्विनी, निखिल आणि आणखी चार पोरं घरी आली. खाली मान घालून सोफ्यावर बसली. निखिल म्हणाला, "मावशी, आम्ही सगळ्यांनी मिळून विजयदादाला पास घ्यायचं ठरवलंय. अर्ध्या सीझनचा मिळतो." वर विजय झोपलेला, दार उघडं. मला वाटलं त्यानं ऐकलं तर काय वाटेल. आणि मला स्वतःला काय वाटलं ते पण होतं, विड्या वळून वाढवलेला मुलगा, त्याला वर्गणीचा पास. मी म्हणलं, "आमचं आम्ही बघू रे बाबांनो. चहा घ्या." मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. पोरं गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, घ्यायला पाहिजे होता."

घ्यायला पाहिजे होता. आज माझं मत विचाराल तर वर्गणीचा घ्यावा, भिकेचा घ्यावा, चोरीचा घ्यावा.

फेब्रुवारीत एका शनिवारी मेधाला सुट्टी होती. मी तिला म्हणलं, मला टेकडीवर सोड. ती काही न विचारता निघाली, आणि तिथं गाडीतच बसली. खिडकीत डोरोथी होती. मी बेचाळीस डॉलर पुढं केले. ती कुजबुजली, "ठेव ते. कोण बघतंय?" मी म्हणलं, "नो, डोरोथी. पैसे घे." तीन हिवाळ्यांत हजारो चिकटवली असतील, विकत घेतलं ते एकच. त्या दिवशीचा रंग निळा होता.

घरी आलो तेव्हा साडेदहा झाले होते. कपाटातून त्याचं जॅकेट काढलं, चेनला तार अडकवली, टिकेट दुमडून चिकटवलं. आता ते परत होणार नव्हतं. जॅकेट घेऊन वर गेले, त्याच्या पायाशी ठेवलं.

"विजू, ऊठ. बाहेर छान ऊन पडलंय. मेधा सोडते."

त्यानं डोळे उघडून बघितलं. टिकेट हातात घेऊन बघितलं. "तू घेतलंस?"

"हो."

"पैसे देऊन?"

"मग काय, आता मला कोण फुकट देतंय?"

मला वाटलं हसेल. ओठ हलल्यासारखे झाले. म्हणाला, "उद्या जातो, आई."

"हे उद्याला चालत नाही रे."

"मग राहू दे." आणि भिंतीकडे वळला.

मी जॅकेट तिथंच ठेवून खाली आले. मेधा गाडीची किल्ली हातात घेऊनच बसली होती. बारा वाजले, मी म्हणलं, अजून साडेचार तास आहेत. एक वाजला, म्हणलं, लोक अर्ध्या दिवसाचं टिकेट घेऊन एक वाजताच येतात. अडीचला मेधानं किल्ली टेबलावर ठेवली. साडेतीनला मी मनातल्या मनात म्हणत होते, आता निघाला तर एकदा वर जाऊन येईल. एकदा तरी.

साडेचारला दिवसाचा पाळणा थांबतो. मी वर गेले. तो तसाच होता. पायाशी ठेवलेलं जॅकेट उचललं, कपाटात अडकवलं, आणि खाली येऊन कुकर लावला.